पंख्याखालची धुरी

लेहच्या विमानतळावर जवानानं शैलजाबाई मेटकरींची पिशवी उघडली, तेव्हा तिच्यातून डिंक, अळीव, खारीक, वावडिंग, बाळंतशेपा, ओव्याच्या तीन पुड्या आणि मऊ दुपट्यात गुंडाळलेलं एक पितळी धुपाटणं निघालं.

“ये क्या है?” त्यानं धुपाटणं उलटंपालटं करून विचारलं.

“भगवान का है,” शैलजाबाई म्हणाल्या.

ते खोटं होतं. धुपाटणं नातवंडाचं होतं. पण विट्यापासून इतक्या लांब, इतक्या उंच आल्यावर देवाला जरा नाव पुढं करायला हरकत नसावी, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला.

खरं तर बाळंतपणाला लेक माहेरी येते. माहेर पिशवी भरून लेकीकडं येत नाही. पण मृण्मयीनं लग्नही जगावेगळं केलं होतं आणि नोकरीही. जावई नोरबू लडाखचाच, डॉक्टर. तो खिंडीपलीकडं नुब्र्याच्या दवाखान्यात होता आणि बर्फानं खिंड बंद झाली की तिकडंच अडकायचा. मृण्मयीकडं लेहच्या नव्या वसाहतींची हीटिंगची यंत्रणा होती. सातव्या महिन्यात डॉक्टरणीनं प्रवासाला नाही म्हटलं आणि हिवाळ्यात तिच्या खात्यानं रजेला. मग शैलजाबाईंनीच विमानात पाय ठेवला, जन्मात पहिल्यांदा. पहिले दोन दिवस विरळ हवेनं त्या आडव्याच होत्या. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी विचारलं, “चूल कुठाय?”

चूल नव्हती. शेगडी नव्हती. लडाखी घरांमधल्या बुखाऱ्या, म्हणजे लाकडाच्या आणि शेणीच्या लोखंडी भट्ट्या, या नव्या इमारतींमध्ये कायद्यानं बंद झाल्या होत्या. भिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरत होते, खोली उबदार होती आणि ती ऊब नेमकी कुठून येते ते दिसत नव्हतं. शैलजाबाईंना हे पटेना. ऊब दिसली पाहिजे. निदान तिचा वास तरी आला पाहिजे.

म्हणून मृण्मयी त्यांना तळघरात घेऊन गेली. एका हातानं कठडा, दुसऱ्यानं पोट धरून ती जिने उतरली. मागनं शैलजाबाई “सावकाश गं, सावकाश” करत.

खाली एका मोठ्या बॉयलरच्या तोंडाशी बर्नर घरघरत होता. काचेच्या डोळ्यातून ज्योत दिसायची, बुडाशी निळी आणि पुढं नारिंगी. बॉयलर सांभाळणारा रिगझिन हसून “जुले, आमा-ले” म्हणाला, म्हणजे नमस्कार, आई. मृण्मयीनं एका नळातून काचेच्या पेल्यात थोडं काळं, दाट तेल काढलं.

“काकवी?” शैलजाबाईंनी विचारलं.

“वास घे.”

त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले. “अगं, हा तर आपल्या जुन्या स्वयंपाकघराचा वास. चुलीमागची भिंत अशीच वास मारायची.”

“बरोबर. कारण हा धूरच आहे. गोठवलेला नाही, पण धरून ठेवलेला.” मृण्मयीला समजावून सांगायची लहानपणापासून हौस. “पंजाबात भाताचं काड शेतातच पेटवायचे ना? आता ते काड बंद भांड्यात तापवतात, हवा लागू न देता. हवा नाही म्हणून पेटत नाही, नुसती वाफ होते. ती वाफ झटकन थंड केली की हे तेल. झाडपाल्याचं तेल. जमिनीतून काढलेलं नाही, त्यामुळं हवेवर नवा बोजा नाही.”

“मग गॅस कशाला लागतो?”

“कारण हे तेल आळशी आहे. यात पाव हिस्सा पाणी. आम्लही आहे. एकटं पेटतच नाही, आणि इथं हवा विरळ, म्हणजे अजूनच रडकथा. म्हणून आधी गॅसची ज्योत लावायची आणि तिच्यात या तेलाचे बारीक बारीक थेंब उडवायचे. गॅसनं हात धरला की हे नीट जळतं. गॅस थोडा, तेल जास्त. गॅस डोंगरावर आणायला महाग, त्यामुळं आम्हाला मोजूनमापून मिळतो.”

“म्हणजे गॅस सासू आणि तेल सून.”

“उलटंही असेल,” मृण्मयी म्हणाली.

“आणि गॅसनं हात सोडला तर?”

मृण्मयीचा चेहरा जरा बदलला. “तर तेल अर्धवट जळतं. धूर होतो, आणि धुराबरोबर असा एक वायू, ज्याला वास नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून वर नाक बसवलंय.”

नाक म्हणजे एक सेन्सर, चपट्या डबीएवढा. तो धुराचा वास ओळखायचा आणि त्या बिनवासाच्या वायूचाही. वास आला की तेल आपोआप बंद, नुसत्या गॅसवर मंद आच. काही तासांनी पुन्हा तेल सुरू. पण आठवड्यात तीनदा वास आला, तर तेलाच्या वाटेला कायमचं सील. मग निरीक्षकानं खालून, चंदीगडहून, स्वतः येऊन सगळं तपासायचं आणि आपल्या किल्लीनं सील उघडायचं.

“आणि नाकाला उगीचच वास आला, तर?”

“पूर्वी एक बटण होतं. ‘ठीक आहे’ म्हणून दाबायचं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वसाहतीत एका माणसानं ते दाबलं. घरात चौघं होती. दार मी उघडलं होतं, आई. त्यानंतर मी ते बटण काढून टाकलं. सगळीकडचं. लोक खूप भांडले. पण माणसाच्या हाताशी बटण ठेवलं की माणूस ते दाबतोच.”

शैलजाबाईंनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी मोठी गोष्ट हिनं फोनवर कधी सांगितली नव्हती.

*

मुलगी झाली. लाल, लहानशी, चिडकी. केस मात्र डोकंभर. नोरबूनं फोनच्या पडद्यावरून तिला पाहिलं आणि पलीकडं तो इतका रडला, की शैलजाबाईंना त्याच्याविषयी पहिल्यांदाच निखळ माया वाटली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी विषय निघाला.

“शेकशेगडी करायला हवी,” शैलजाबाई म्हणाल्या.

“आई, खोलीत बावीस अंश आहेत. तोच शेक.”

“हवेचा शेक हाडाला लागत नाही. निखारा पाहिजे. ओवा, शेपा, लसणाची टरफलं टाकून धुरी द्यायची, बाळाची टाळू भरायची. तू आठव्या महिन्यात झालीस, मांजराच्या पिल्लाएवढी. ऐन पौषात. विट्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. माझ्या आईनं सव्वा महिना तुला धुरी दिली, म्हणून आज मला अंश सांगायला उभी आहेस.”

“मी वाचले ते नशिबानं. धुरानं नाही.”

“नशीब पण त्याच खोलीत होतं की.”

शेवटी तडजोड झाली. ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीनं शेकायचं, विजेच्या तव्यावर. निखारा नाही, धूर नाही. “शपथ घे,” मृण्मयी म्हणाली. शैलजाबाईंनी तोंडात नेमका तेव्हाच डिंकाचा लाडू टाकला, त्यामुळं त्यांना बोलता आलं नाही.

घरात मग दिवसभर ओव्याचा वास दरवळत राहिला. वर आणखी कशाचा वास मिसळला असता, तरी त्या वासाखाली दडून गेला असता.

*

खालच्या मजल्यावर मेमे-ले राहायचे. मेमे म्हणजे आजोबा, ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’. नाव ताशी, पण नावानं कुणी हाक मारत नसे. मुलानं त्यांना गावातल्या जुन्या घरातून या नव्या इमारतीत आणलं होतं, आणि ते खिडकीतून जुन्या घराकडं बघत दिवस काढायचे. रोज सकाळी तिकडं जाऊन चूल पेटवायचे, चहा करायचे, गाईला चारा घालायचे आणि परत यायचे. शैलजाबाईंचं हिंदी आणि मेमे-लेंचं हिंदी, दोन्ही तितकीच अधू. त्यामुळं गप्पा फार छान व्हायच्या.

“मेमे-ले, बच्ची को ठंडी बजती है,” शैलजाबाईंनी एका सकाळी सांगितलं.

त्यांना सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी जुन्या घरून येताना त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात राखेखाली झाकून शेणीचे चार निखारे आणले. अंगरख्याच्या घोळात लपवून, जिन्यानं, एखाद्या पोरानं कैऱ्या लपवाव्यात तसे.

शैलजाबाई अडाणी नव्हत्या. धूर घरात कोंडू द्यायचा नाही, एवढं त्यांना लेकीनं सांगितलं होतंच. म्हणून त्यांनी फार विचार करून जागा निवडली. बाथरूम. तिथं छताला पंखा होता, हवा बाहेर ओढणारा. पंखा सुरू, दार बंद, पंख्याच्या बरोबर खाली स्टुलावर धुपाटणं. चिमूटभर ओवा, दोन टरफलं. धूर सरळ वर जायचा आणि जाळीतून गडप व्हायचा. त्यावर त्या एकेक दुपटं, एकेक टोपडं धरायच्या. विट्यातल्या जुन्या सुती साड्यांची ती दुपटी, धुऊन धुऊन साईसारखी झालेली. बाळाला त्यात गुंडाळलं की ती मुठी सोडायची आणि झोपायची.

‘बाहेर जातोय सगळा,’ त्या वर बघून मनाशी म्हणायच्या. ‘कुणाला काही त्रास नाही.’

चार दिवस कुणालाच काही कळलं नाही. मग बाळाचं नाक चोंदलं. रात्रभर ती सूं-सूं करत राहिली. शैलजाबाईंनी सकाळी ओवा चिमटीऐवजी मुठीनं टाकला.

तासाभरात मृण्मयीचा फोन वाजला. ती दचकून उठली. टाके अजून ओले होते. “नाकानं तेल बंद केलंय,” ती म्हणाली आणि आईचं न ऐकता स्वेटर चढवून खाली गेली.

खाली सगळं ठीक होतं. ज्योत स्वच्छ, धुराडं स्वच्छ. रिगझिननं डोकं खाजवलं. मृण्मयीला वाटलं, तेल म्हातारं झालं असेल. हे तेल साठवून ठेवलं की आपोआप घट्ट होत जातं आणि थंडीत तर लवकर. घट्ट झालं की थेंब जाड पडतात, जाड थेंब नीट जळत नाहीत. तिनं नमुना काढून ठेवला.

नुसत्या गॅसच्या मंद आचेवर दुपारपर्यंत खोली सतरावर आली. बाळाचे हात गार लागू लागले.

आता आपण शैलजाबाईंच्या जागी असतो तर काय केलं असतं? खोली गार, बाळ गार, नाक चोंदलेलं. त्यांनी मेमे-लेंना सांगून निखारे वाढवले.

दुसऱ्यांदा तेल बंद झालं तेव्हा खोली पंधरावर आली. मृण्मयी रडवेली झाली होती. वरच्या मजल्यावरचे लोक दार वाजवून विचारत होते. एक बाई म्हणाली, “मॅडम, तुमचं यंत्र फार शहाणं झालंय.”  दूध पाजता पाजता मृण्मयी फोनवर आकडे बघत राहिली. शैलजाबाईंनी तिच्या पायांवर घोंगडी टाकली, डोक्याला स्कार्फ बांधला, कानात कापूस घातला.

“काय होतंय नेमकं?” त्यांनी विचारलं.

“कळत नाही, आई. तेल चांगलं आहे. बर्नर चांगला आहे. मला दिसत नाही असं काहीतरी फुटलंय कुठंतरी. आणि अजून एकदा झालं की सील.”

“देव करो आणि न होवो,” शैलजाबाई मनापासून म्हणाल्या. आणि नंतरच्या सकाळी, देवानं करू नये म्हणून आपल्याकडून होईल ते करायला, धुपाटणं घेऊन पंख्याखाली गेल्या.

*

सील पडलं ते त्याच दिवशी दुपारी. तळघरात एक खटका वाजला, एवढंच. तेलाच्या नळावर लाल पट्टी आली. वर आभाळ इतकं खाली उतरलं होतं, की विमानतळावरून दोन दिवसांत एकही विमान सुटलं नव्हतं की उतरलं नव्हतं. निरीक्षक चंदीगडला किल्ली घेऊन तयार होता. हवा मोकळी झाली की निघतो म्हणाला. फार भला माणूस, दर तासाला फोन करायचा.

टाकीतला गॅस संपायला आला होता. बाहेर उणे वीस. मृण्मयी पलंगावर बसून कागदावर इमारतीचं चित्र काढत होती, कुठं फुटलं असेल ते शोधत. शैलजाबाई तिच्याजवळ बसल्या, बाळाला मांडीवर घेऊन.

“हे नाक असतं तरी कुठं गं? मला कधी दिसलं नाही.”

“दिसत नाही. हे बघ.” मृण्मयीनं पेन्सिल फिरवली. “घरातली हवा बाहेर टाकायची, पण तिच्यातली ऊब फुकट घालवायची नाही. म्हणून सगळ्या घरांच्या बाथरूमचे पंखे या एका उभ्या नळकांड्यात हवा सोडतात. हे नळकांडं बर्नरच्या धुराड्याला चिकटून वर जातं. धुराडं फुटलं तर पहिला धूर इथंच येणार. म्हणून नाक इथं. नळकांड्याच्या तोंडाशी.”

शैलजाबाई चित्राकडं बघत राहिल्या. पेन्सिलीची रेघ त्यांच्या बाथरूमच्या पंख्यापासून निघून सरळ नाकात जात होती.

बाळ झोपेत चुटचुट आवाज करत होतं.

“मने,” त्या म्हणाल्या. “मी केलं ते.”

“काय?”

“धुरी. पंख्याखाली. मला वाटलं, बाहेर जातेय.”

मृण्मयीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं वाकून बाळाच्या टोपड्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. इतके दिवस तो वास तिच्या नाकाखाली होता आणि तिला तो ओव्याच्या पुरचुंडीचा वाटत होता.

“निखारे? घरात? बाळाला घेऊन?”

“बाळाला नाही. नुसती दुपटी धरायचे.” मग त्यांना राहवलं नाही. “दोनदा बाळाला पण. नाक चोंदलं होतं म्हणून.”

मृण्मयी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं बाळाला आईच्या मांडीवरून उचललं, छातीशी घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

“सांग की त्याला,” शैलजाबाई अजिजीनं म्हणाल्या. “माझं नाव सांग. म्हातारीनं केलं म्हणावं, यंत्राची काही चूक नाही.”

“कुणाला सांगू, आई? नाकाला कान नसतात. मीच ठेवले नाहीत.”

*

सांजेला दोघी तळघरात होत्या. बाळ वर शेजारणीपाशी. रिगझिननं मोठा पाना काढून मृण्मयीपुढं ठेवला होता आणि स्वतः मागं जाऊन उभा होता. सील म्हणजे काय, एक तार आणि एक खीळ. दोन हिसक्यांत तुटलं असतं.

“तोड,” शैलजाबाई म्हणाल्या. “आता कारण कळलंय ना? धुराडं फुटलेलं नाही. तेल चांगलं. मीच होते. वर लेकरू गारठतंय, मने.”

मृण्मयीनं पाना हातात घेतला. तो तिला जड होत होता. ती बॉयलरच्या उबदार पत्र्याला टेकून खाली बसली.

“तुला सांगितलं नाही मी पूर्ण,” ती म्हणाली. “त्या बटण दाबणाऱ्या माणसालाही कारण कळलं होतं. वरच्या घरात पूजा होती. धूप लावला होता. त्यानं वर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, खाली आला आणि दाबलं. कारण अगदी खरं होतं, आई. धूप होता. आणि धुराडंही फुटलेलं होतं.”

बर्नर मंद घुरघुरत होता. काचेतून आता फक्त निळी ज्योत दिसत होती, बोटाएवढी.

“तिन्ही वेळा तूच होतीस? नक्की? नीट आठव.”

शैलजाबाई आठवू लागल्या. त्यांना ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्या एका शब्दावर वर नात उबेत झोपली असती.

“पहिल्यांदा मी. दुसऱ्यांदा मी,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी निखारा धड फुललाच नाही. शेणी ओली होती. थोडासा धूर झाला. पण तो सकाळचा. आणि सील दुपारी पडलं.”

“म्हणजे नक्की नाही.”

“अगं, पण मीच असणार ना! दुसरं कोण?”

मृण्मयीनं पाना रिगझिनच्या हातात परत दिला.

शैलजाबाईंना लेकीला या क्षणी दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी तिला पदराखाली घ्यावं असंही. दोन्हींतलं काही त्यांना जमलं नाही. इतकी कठीण लेक आपल्या पोटी कशी आली, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. मग आठवलं, की शपथेच्या वेळी लाडू खाऊन सुटका करून घेणारी आई हिला मिळाली होती. कुणीतरी कठीण व्हायला हवंच होतं.

गॅस संपायच्या आत नळांतलं पाणी सोडून द्यायला हवं होतं, नाहीतर गोठून सगळे नळ फुटले असते. मृण्मयीनं स्वतः तोट्या उघडल्या. घरभर फिरलेलं कोमट पाणी गटाराच्या तोंडाशी वाफा टाकत वाहून गेलं. सगळ्या इमारतीची ऊब होती ती. शैलजाबाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

*

वसाहतीच्या शाळेचं सभागृह मोठं होतं आणि तिथला बर्नर धडधाकट होता. उजाडताच सगळी इमारत गाद्या, हंडे, म्हातारी माणसं घेऊन तिकडं निघाली. मृण्मयी सगळ्यांत पुढं. शैलजाबाईंनी बाळाला पोटाशी धरून वरनं दोन दुपटी, शाल आणि मेमे-लेंनी दिलेलं मेंढीचं कातडं घेतलं होतं. बर्फातून त्या पाय मोजून टाकत होत्या.

दाराशी मृण्मयी थांबली. तिच्या हातात एक लहान यंत्र होतं, हातातलं नाक. एकेकजण आत जाताना ती ते त्याच्या कपड्यांजवळ धरत होती. लोक कुरकुरत होते.

“एका ठिकाणी सील पडलं की गावातली बाकीची नाकं आपोआप तिखट होतात,” ती प्रत्येकाला सांगत होती. “इथलं तेल बंद पडलं, तर जायला दुसरी जागा नाही. फक्त एक मिनिट.”

वरच्या मजल्यावरची बाई गेली. रिगझिन गेला. मग शैलजाबाई पुढं आल्या, आणि यंत्र त्यांच्यापासून हातभर लांब असतानाच किंचाळलं.

मृण्मयीनं ते मागं घेतलं. पुन्हा धरलं. ते पुन्हा किंचाळलं. पदर, केस, स्वेटर, दुपटी, टोपडं, सगळ्यांत धूर मुरला होता. आठवडाभराची माया होती ती. पण यंत्राला तिचं एकच नाव माहीत होतं.

मागच्या रांगेतले लोक बघत होते. त्यांना काय कळलं, किती कळलं, कोण जाणे.  

“आई,” मृण्मयी म्हणाली. 

“कळलं मला,” शैलजाबाई म्हणाल्या. “तू वाऱ्याला उभी राहू नकोस. धर हिला.”

तिथंच दाराच्या आडोशाला त्यांनी भराभर बाळाचं टोपडं काढलं, दुपटी सोडली. शेजारणीनं आतून एक ब्लँकेट दिलं, कोरं, दुकानाच्या वासाचं. बाळ जागं झालं आणि सगळं अंग आक्रसून रडू लागलं. ओल्या टॉवेलनं मृण्मयीनं तिचे केस पुसले. यंत्र धरलं. ते गप्प राहिलं.

बाळ आत गेलं. दुपटी शैलजाबाईंच्या हातात राहिली, अजून कोमट.

“आंघोळ करून येते,” त्या दाराच्या फटीतून म्हणाल्या. “केस धुते. तासाभरात येते, मने.”

“ये,” मृण्मयी म्हणाली. “ये लवकर.”

दोघींनाही बोलून झाल्यावरच लक्षात आलं, की नळांत पाणी नव्हतं.

मेमे-ले मागं उभेच होते. त्यांच्याजवळ यंत्र धरायची कुणाला गरजही वाटली नाही. ते स्वतःच रांगेतून बाजूला झाले होते. “आमा-ले,” त्यांनी बोटानं खाली गावाकडं दाखवलं, “मेरा घर.”

*

जुनं घर मातीचं होतं, छत बुटकं, मधोमध चूल. मेमे-लेंनी गाईला चारा घातला आणि मोठ्या भांड्यात बर्फ भरून पाणी तापत ठेवलं. शैलजाबाईंनी पिशवीतून साबण काढला, शेजारच्या सुनेकडून आणलेले धुतलेले कपडे काढले, अंबाडा सोडला. पाणी कढायला लागलं. शेणी आज वाळलेली होती, पण छताचं भोक बर्फानं अर्धं बुजलं होतं. धूर वर जायचा, तिथं जरा थबकायचा आणि पुन्हा खाली उतरायचा, त्यांच्या मोकळ्या केसांवर, हातातल्या धुतल्या कपड्यांवर.

त्या कपड्यांचा वास घेऊन त्यांनी ते हळूच खाली ठेवले. मग त्यांना हसू आलं. हसता हसता डोळे पुसावे लागले.

“क्या हुआ?” मेमे-लेंनी विचारलं.

“धुआं,” त्या म्हणाल्या.

तो दिवस तसाच गेला. पुढचाही. आभाळ उघडलं नाही. निरीक्षक फोन करत राहिला. नोरबू खिंडीपलीकडून फोन करत राहिला. शैलजाबाई सकाळ-संध्याकाळ चढ चढून सभागृहाच्या खिडकीशी जायच्या आणि काचेतून बघून यायच्या. मृण्मयी बाळाला काचेजवळ आणायची. काचेवर दोन्हीकडून वाफ धरायची.

तिसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. मागं बाळाचं रडणं ऐकू येत होतं, चिडलेलं, थकलेलं.

“आई, झोपतच नाही ही. सकाळपासून. ताप नाही, पोट दुखत नाही, सगळं बघितलं. खोलीत बावीस अंश आहेत. तू काय करायचीस गं? मला सांग ना. तू काय करायचीस?”

शैलजाबाईंच्या मांडीवर ती दुपटी घडी करून ठेवली होती. त्यांनी वरच्या दुपट्यावर तळवा ठेवला. एखाददुसरं दुपटं तिकडं पोचवलं असतं, तर पोरीनं दोन मिनिटांत मुठी सोडल्या असत्या.

“काही नाही गं,” त्या म्हणाल्या. “नुसती धरायचे. तू पण नुसती धर.”

फोन ठेवून त्या दाराशी आल्या. वर, शाळेच्या छतावर, सभागृहाचं धुराडं दिसत होतं. आयुष्यभर त्यांनी लांबून घर ओळखलं ते धुरावरून. धूर दिसला की चूल पेटली, माणसं आहेत, जेवायला मिळेल. आता त्या डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती, मागचा बर्फाळ डोंगर तेवढा हलल्यासारखा दिसत होता. धूर नव्हता.

त्यांनी हात जोडले. आणि पाठीमागं मेमे-ले चुलीत नवी शेणी सारत होते, तिचा धूर दारातून बाहेर आला, त्यांच्या खांद्यावरून पुढं गेला आणि वाऱ्यानं चढाकडं, शाळेच्या दिशेनं वळला. तशा त्या घाईनं आत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.